चौकातल्या बारा घागरी: चार दिवसांच्या मांडणीनं गाव बोलतं का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. आमच्या गणेश मंडळातल्या पोरांना यंदा नेहमीच्या देखाव्याऐवजी चौकात पाण्याच्या प्रश्नावर काहीतरी उभं करायचंय. दहा दिवसांसाठी उभारलेल्या अशा वस्तूमुळं लोक खरंच नगरपरिषदेशी बोलायला लागतात का, की फोटो काढून पुढं जातात? वर्गणीचा पैसा यात घालावा का?"

मी आर्किटेक्ट आहे. बावीस वर्षं मराठवाड्यातल्या लहान शहरांत बसस्टँडसमोरच्या जागा, बाजाराचे ओटे, शाळांची मैदानं अशी कामं करतोय. कायमचं बांधकाम सुरू होण्याआधी त्या जागेवर आठ-दहा दिवसांची तात्पुरती मांडणी करून बघायची, ही माझी पद्धत पडून गेली आहे. त्यामुळं तुमच्या प्रश्नाचं उत्तर अनुभवातून देतो.

लोक बोलतात. पण ते वस्तूशी बोलत नाहीत आणि सुरुवातीला नगरपरिषदेशीही बोलत नाहीत. ते शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाशी बोलतात. एरवी ज्याच्याशी बोलायचं काही कारण नसतं, अशा माणसाशी. तुमच्या वस्तूनं एवढंच करायचं असतं की दोन अनोळखी माणसं पाच मिनिटं एका जागी थांबली पाहिजेत आणि दोघांच्याही तोंडात एकच विषय आला पाहिजे. पुढचं गाव आपोआप करतं. हे कसं घडतं ते एका उदाहरणानं सांगतो, कारण तुमचा विषयही पाण्याचाच आहे.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्येच लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली होती. म्हणजे ज्या ठिकाणी गाव रोज भेटत होतं, नेमकं तिथंच चारचौघांनी जमणं अवघड झालं होतं. त्याच दिवसांत बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावातून मला काही शिक्षकांचा फोन आला. गावाचं नाव देत नाही. तिथं नळाला बारा दिवसांनी पाणी येतं, असं नगरपरिषद सांगायची आणि गावही तसंच म्हणायचं. शिक्षकांचं म्हणणं होतं, रोज भांडणं होतायत, पण बोलणं कुठंच होत नाही.

आम्ही दोन दिवस नुसते फिरलो. टँकर यायच्या जागी घागरींची रांग लागलेली असायची आणि माणसं नसायची. बाई कामाला जायची, तिच्या जागी तिची घागर उभी असायची. कुणाच्या घागरीवर ऑइलपेंटनं नाव, कुणाच्या गळ्याला लाल चिंधी, कुणाच्या पोटात दगड, कारण रिकामी प्लास्टिकची घागर दुपारच्या वाऱ्यानं रस्ताभर गडगडत जाते. कोणती घागर कुणाची, हे सगळ्यांना पाठ होतं. कुणी घागर पुढं सरकवली तर कळायचं. तेव्हा डोक्यात आलं की नवीन काही घडवायची गरजच नाही. या गावात रांगेतली घागर म्हणजेच माणूस असं आधीच ठरलेलं आहे.

भांड्यांच्या दुकानातून बारा घागरी आणल्या. बाजाराच्या तोंडाशी एका बंद पडलेल्या गाळ्याच्या भिंतीला लागून कमरेएवढ्या उंचीवर फळी ठोकली, त्यावर घागरी मांडल्या आणि प्रत्येकीवर गेरूनं एक ते बारा आकडे लिहिले. खाली घमेल्यात बारीक खडी. भिंतीवर एवढंच लिहिलं: "तुमच्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं? तेवढ्या आकड्याच्या घागरीत एक खडा टाका." त्याखाली उभारल्याची तारीख आणि मोडायची तारीख. आणखी काही नाही. सगळा खर्च दोन हजारांच्या आत.

पहिल्या दिवशी पोरांनी मूठमूठ खडे टाकले. घागरी रिकाम्या करून पुन्हा सुरुवात केली आणि घमेल्याशेजारी एक शिक्षिका वही घेऊन बसायला लागल्या. खडा टाकणाऱ्याला त्या फक्त गल्ली विचारायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक म्हाताऱ्या आजी आल्या. खडा हातात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, बारा नंबरपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मह्या नळाला सतरा दिस झाले. मही घागर कुठाय?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. बाराचा आकडा आम्ही नगरपरिषदेच्या तोंडून ऐकला आणि तोच खरा धरून फळी कापली होती. आजी निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची स्वतःची घागर, पितळी, पोचा आलेली, बाराच्या पुढं जमिनीवर ठेवलेली होती आणि तिच्यात एक खडा होता. आम्ही तिच्यावर सतरा लिहिलं. त्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या बाजूला आणखी चार घागरी येऊन बसल्या. कुणी आणल्या ते बघितलंसुद्धा नाही. तिकडं पाच नंबरची घागर मात्र निम्म्याच्या वर भरली होती. हे सगळे खडे कोणत्या दोन गल्ल्यांतून आले, ते वहीत स्पष्ट होतं, आणि वही न वाचताही गावाला कळत होतं.

तोपर्यंत गावाची तक्रार एकच होती, नगरपरिषद पाणी देत नाही. तिसऱ्या दिवसापासून फळीसमोर वेगळंच ऐकू यायला लागलं: तुम्हाला पाच दिवसांनी कसं आणि आम्हाला सतरा का? ही वेळ नाजूक असते, हे तुम्हीही लक्षात ठेवा. दोन गल्ल्यांचं भांडण पेटू शकतं. आमच्या नशिबानं चौथ्या दिवशी पाणी सोडणारा वॉलमन स्वतःहून तिथं आला. लोक त्याच्यावर धावून जातील म्हणून शिक्षिका उठून त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यानं कोळशानं त्याच भिंतीवर टाकी काढली, उताराची बाजू काढली, चढाची बाजू काढली आणि सांगितलं की टाकी पूर्ण कधी भरतच नाही. अर्धी टाकी सोडली की उतारावरच्या गल्ल्या भरून घेतात, चढावर हवा जाते, आणि वरच्या लाईनचा वॉल गेली तीन वर्षं निम्माच उघडतो. पन्नासेक माणसं ऐकत होती. जन्मभर या गावात राहिलेल्या लोकांना आपल्या पायाखाली पाणी कोणत्या वाटेनं जातं, ते पहिल्यांदा कळत होतं. मी अनेक ठराव पाहिले, सभा पाहिल्या, पण नागरी संवाद म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर ती कोळशाची टाकी येते.

पुढं काय झालं? पाणी वाढलं नाही, धरणच कोरडं होतं, वाढणार कुठून. पण वरच्या लाईनचा वॉल बदलला, गल्लीनिहाय वेळापत्रक छापून लागलं आणि खालच्या गल्ल्यांनी मोटारी लावू नयेत असं त्या गल्ल्यांतल्याच बायकांनी एकमेकींना सांगितलं. वरच्यांचे सतरा दिवस बारा-तेरावर आले, खालच्यांचे पाच वाढून आठ झाले. खालच्यांनी ते सहन केलं, कारण त्यांनी पितळी घागर पाहिली होती.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. हे तात्पुरतंच का असावं? चांगला दगडी हौद बांधून त्यावर कायमची पाटी का लावू नये?

आपल्याकडं चौकात कायमचं काही उभं करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ते कुणाचं? नाव कुणाचं, रंग कोणता, उद्घाटन कुणाच्या हस्ते. हे मी कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. मराठवाड्यात नावाला आणि कमानीला फार मोठा अर्थ आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत माणसांचे जीव गेले, घरं जळाली. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर जे हजारो लोक येऊन उभे राहतात, त्यांच्यासाठी ती कमान म्हणजे मिळवलेलं माणूसपण आहे. अशा स्मृती कायमच्याच हव्यात, दगडात हव्यात.

पण अजून सुटलेला नाही असा प्रश्न दगडात कोरला, की त्याचं उत्तरही ठरून जातं आणि ज्यांना ते पटत नाही ते त्या बाजूला फिरकतच नाहीत. मोडायची तारीख पाटीवर लिहिलेली असली की सगळ्यांचा जीव हलका होतो. त्यावर मालकी सांगून कुणाला काही मिळत नाही, त्याला विरोध करूनही फार काही मिळत नाही. अधिकारी परवानगी द्यायला धजावतो, नगरसेवकाला ती आपल्या विरोधातली कायमची खूण वाटत नाही, आणि "दहा दिवस तर आहे, बघू" म्हणून तटस्थ माणूसही जवळ येतो. म्हणून मी सांगतो, उभारण्याच्या तारखेपेक्षा मोडण्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि ती पाळाच. लोकांनी "राहू द्या अजून" म्हटलं तरी मोडा.

याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण बर्लिनचं आहे. ख्रिस्तो आणि जाँ-क्लोद या जोडप्यानं जर्मनीची जुनी संसदेची इमारत, राइशटाग, कापडात गुंडाळायची कल्पना १९७१ पासून धरून ठेवली होती. अखेर २५ फेब्रुवारी १९९४ ला जर्मन संसदेत त्यावर रीतसर चर्चा होऊन मतदान झालं, २९२ विरुद्ध २२३. जून १९९५ मध्ये सुमारे १ लाख चौरस मीटर कापडानं ती इमारत झाकली गेली, १४ दिवस राहिली, ५० लाखांवर लोक येऊन गेले आणि कापड उतरवलं गेलं. मला त्यातलं कापड फार महत्त्वाचं वाटत नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची वीस-बावीस वर्षं आणि ते मतदान. या इमारतीत आपण काय पाहतो, पराभव की लोकशाही, हा प्रश्न खासदारांना एकमेकांसमोर उभं राहून बोलावा लागला. ते शक्य झालं, कारण कापड उतरणार होतं. कायमचं झाकायचं म्हटलं असतं तर चर्चाच झाली नसती.

आणि हे आपल्याला परकं मुळीच नाही. आठवडी बाजार म्हणजे दुसरं काय असतं? सकाळी मोकळं मैदान, दहा वाजता पूर्ण शहर, रात्री पुन्हा मैदान. पाल कुठं लागायचं, मिरचीवाली कुणाच्या बाजूला बसायची, बैलबाजार कोणत्या अंगाला, हे सगळं कागदाशिवाय ठरलेलं असतं आणि दर आठवड्याला थोडं थोडं बदलून बघितलं जातं. लग्नाचा मांडव, जत्रेतली पालं, सप्त्याचा मंडप यांतून गाव कायम काहीतरी उभारतं आणि मोडतं. तुमच्या मंडळाची पोरं हे काम जन्मापासून करतायत. त्यांना कुणी 'इन्स्टॉलेशन' शिकवायची गरज नाही.

आता एक वेगळी रीत सांगतो, ती माझी सगळ्यात आवडती आहे. फक्की. मैदान आखायची पांढरी भुकटी. एका गावात बसस्टँडसमोरच्या मोकळ्या जागेवर बाग करायची होती. आराखडा मंजूर होता: कंपाउंड, एक गेट, मधे कारंजं. कागदावर कुणालाच खटकलं नव्हतं. आम्ही एका शनिवारी पहाटे सगळा आराखडा फक्कीनं जमिनीवर पूर्ण मापात काढला. भिंतीच्या जागी सुतळी बांधली, गेटच्या जागी दोन बल्ल्या रोवल्या. सकाळी कॉलेजच्या मुली स्टँडवरून निघाल्या आणि सुतळीपाशी येऊन थांबल्या. रोजची वाट मधोमध कापली गेली होती. सुतळी गुडघ्याएवढी, सहज ओलांडता आली असती, पण कबड्डीच्या मैदानासारखी रेघ दिसली की आपली माणसं ती पाळतात. मुली वळसा घालून गेल्या आणि जाताना मोठ्यानं बोलत गेल्या. फळांच्या गाडेवाल्यांनी आपण कुठं उरतो ते स्वतः उभं राहून बघितलं. लिंबाखाली रोज बसणारे पाच-सहा म्हातारे कारंज्याच्या वर्तुळात सापडले होते.

अकराच्या सुमाराला नगरपरिषदेचे अभियंता आले. अर्धा तास नुसतं बघत होते. मग त्यांनी बुटानं कंपाउंडची रेघ वीसेक फूट पुसली, आमच्या पोराच्या हातातून फक्कीचं घमेलं घेतलं आणि मुलींच्या वाटेवर दुसरं गेट स्वतः आखलं. कागदावर हाच बदल करायला अर्ज, सुधारित मंजुरी आणि तीन महिने लागले असते, आणि मुळात कुणी मागितलाच नसता. रेघ बुटानं पुसता येते, म्हणून अधिकाऱ्यालाही मागं हटल्यासारखं वाटत नाही.

या रीतीकडं मी वळलो त्यामागं किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या धारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. विद्यार्थी असताना मी त्या नव्या गावांतून फिरलो. घरं भक्कम होती, सरकारनं आणि संस्थांनी फार मोठं काम केलं होतं. पण रस्ते रुंद आणि सरळ, घरं लांब लांब, आणि बायका एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या की ओट्यावर बसून शेजारणीशी बोलता येत नाही, हाक पोचत नाही. अंतर हे कागदावर कळत नाही. एखादा दिवस ते जमिनीवर आखून बायकांना दोन दारांत उभं करून हाक मारायला सांगितलं असतं, तर मापं बदलली असती असं मला आजही वाटतं. त्याच भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. इंजिनिअर आणि घरमालक यांच्या मधे उभं राहून दोघांचं एकमेकांना समजावून सांगणं हे त्यांचं काम. वही घेऊन घागरींपाशी बसणाऱ्या शिक्षिकेचं काम मी तिथून उचललं आहे.

माझी फसलेली कामंही सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. २०१२ च्या सुमाराला एका शहरात मी कळकांचा पंचवीस फुटी घुमट उभारला होता, रंगीत कापडाचा, आतून दिवे. विषय होता शहरातली नष्ट होणारी मोकळी जागा. लोक आले, फोटो काढले, कौतुक केलं, निघून गेले. आठ दिवसांत मोकळ्या जागेबद्दल एक वाक्य माझ्या कानावर आलं नाही. वस्तू इतकी पूर्ण होती की त्यात लोकांनी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून मी काम मुद्दाम अर्धं सोडतो. दुसरी चूक यापेक्षा गंभीर होती. एका गावात लोकांनी भिंतीवर शेकडो सूचना लिहिल्या, आम्ही भिंत रंगवून परत दिली आणि त्या सूचनांचं पुढं काय झालं ते सांगायला परत गेलो नाही. दोन वर्षांनी त्याच गावात दुसऱ्या कामासाठी गेलो तेव्हा एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "मागच्या बारीला लिवलेलं कुठं गेलं?" त्याचा राग रास्त होता. विचारून गप्प बसण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

बेंगळुरूच्या बादल नंजुंडस्वामी या कलाकाराचं काम तुमच्या पोरांनी मोबाईलवर पाहिलं असेल. २०१५ मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात खोटी मगर ठेवली होती. सुंदर काम आहे, बातमी देशभर गेली. पण मंडळानं तशी नक्कल करू नये, असं माझं मत आहे. मोठ्या शहरात तक्रार ऐकूच जात नाही, तिथं मगर लागते. आपल्या गावात मुख्याधिकारी रोज त्याच रस्त्यानं जातात. मगर ठेवली की खड्डा दुसऱ्या दिवशी मुरुमानं बुजतो आणि बोलणं तिथंच संपतं. न्यूयॉर्कनं २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरपाशी ब्रॉडवेचा तुकडा वाहनांना बंद करून स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या ठेवल्या आणि लोक कसे वागतात ते महिनोन्‌महिने बघून पुढच्या वर्षी तो बदल कायम केला, हे उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. वस्तू साधी होती आणि निर्णय घेणारे सोबत होते.

तुमच्या गावासाठी आता थेट सांगतो.

भाद्रपदात आपल्याकडं कुणीही भेटलं की विचारतं, जायकवाडी किती टक्के झालं? २७ दरवाजे आहेत, ७६ टीएमसी उपयुक्त साठा आहे, हे पानटपरीवरचा पोरगाही सांगतो. धरणाची टक्केवारी सगळ्यांना पाठ असते आणि आपल्या गल्लीतल्या नळाचे दिवस मात्र कुणी मोजलेले नसतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवा. एका बाजूला उभी बल्ली, तिच्यावर धरणाची (तुमचं गाव येलदरीवर असेल तर येलदरीची) टक्केवारी दाखवणारी लाल चिंधी, रोज सकाळी आरतीनंतर सरकवायची. दुसऱ्या बाजूला घागरींची रांग आणि खड्यांचं घमेलं. धरण भरत चाललंय आणि घागर आठवर अडलीय, हे दिसलं की "मग मधे पाणी कुठं जातं?" हा प्रश्न लोक स्वतः विचारतील. तुम्ही तो लिहू नका. आणि आकडे बारावर थांबवू नका. शेवटी फळीवर रिकामी जागा सोडा.

जागा निवडताना चौकाच्या मध्यावर जाऊ नका. लातूरची गंजगोलाई बघा, सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात, पण माणूस गोलाच्या मध्यापेक्षा रस्त्याच्या तोंडाशी थांबतो, जिथं चहाची गाडी आहे, टेकायला भिंत आहे. दोन संध्याकाळ नुसतं उभं राहून लोक कुठं आपणहून थांबतात ते बघा. मंडपाच्या स्टेजवर तर अजिबात नको. स्टेज आलं की समोर प्रेक्षक आले, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात, बोलत नाहीत. उंची कडेवर लेकरू असलेल्या बाईचा हात पोचेल एवढी. दिवे भरपूर, कारण बायका आरतीनंतर येतील, आणि त्या वेळी वहीपाशी बाईच बसलेली असावी.

पावसाचे दिवस आहेत, खडू आणि कागद टिकणार नाही. गेरूसुद्धा धुऊन जाईल, आकडे ऑइलपेंटनं काढा. लिहिण्यापेक्षा खडे बरे, त्याला अक्षर लागत नाही आणि कोण काय म्हणालं तेही उघड होत नाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, ते वापरूच नका. फ्लेक्स लावायचाच असेल तर वर्गणीदाराचा, नेत्याचा, अध्यक्षाचा, कुणाचाही फोटो त्या भिंतीवर नको. हे मंडळात आधी बोलून घ्या, कारण यावरूनच सगळ्यात जास्त काम बिघडतं. फोटो लागला की तो प्रश्न त्या माणसाचा होतो आणि उरलेलं गाव लांब राहतं. आभाराची पाटी मंडपात लावा, तिथं ती शोभते.

परवानगी वेगळी मागू नका. मंडपाच्या अर्जातच या फळीचं छोटं चित्र आणि मापं जोडा, ॲम्ब्युलन्स जाईल एवढी वाट सोडल्याचं दाखवा. त्याआधी मुख्याधिकाऱ्यांना आणि पाणीपुरवठ्याच्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. सांगा की आम्ही मोजणार आहोत, दोष देणार नाही, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी संध्याकाळी तासभर तुम्ही येऊन टाकी कशी भरते ते सांगावं. वॉलमनला आवर्जून बोलवा, त्याला खुर्ची द्या, चहा द्या. गावात त्याला शिव्या सगळे देतात आणि त्याला विचारत कुणीच नाही.

वर्गणीचा पैसा घालावा का, याचं उत्तर: फार लागतच नाही. खर्च माणसांचा आहे. दहा दिवस, रोज संध्याकाळी तीन तास, दोन माणसं वहीपाशी. तेवढं मंडळाला जमणार नसेल तर यंदा नेहमीचा देखावा करा.

मोजणी विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर, घागरी एकेक करून जमिनीवर ओतून करा. आकडे वहीत, वहीची एक प्रत नगरपरिषदेत आवक नंबर टाकून, एक वाचनालयात. दिवाळीच्या आत त्याच भिंतीवर काय झालं आणि काय झालं नाही ते लिहा. काहीच झालं नसेल तर "काही झालं नाही" असं लिहा. ज्यांनी घरून भांडी आणली त्यांची भांडी ज्याची त्याला परत करा.

त्या पितळी घागरीच्या आजी शेवटच्या दिवशी घागर न्यायला आल्या तेव्हा मोजणी अजून व्हायची होती. त्या थांबल्या नाहीत. खाली बसून त्यांनी खडे पदरात ओतले, स्वतः मोजले, एक्केचाळीस. शिक्षिकेला म्हणाल्या, "लिव बाई." लिहिलेलं डोळ्यांजवळ धरून बघितलं, खडे घमेल्यात टाकले आणि घागर घेऊन टँकरच्या रांगेकडं गेल्या.